पहिली-दुसरीचे गणित आणि स्मार्ट बोर्ड: दशक, सुटे आणि हातचा फळ्यावर कसा शिकवावा

महाराष्ट्रातील अनेक जिल्हा परिषद शाळांमध्ये लोकवर्गणीतून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून किंवा शासकीय योजनांतून इंटरॅक्टिव्ह पॅनेल आले आहेत. कोणी त्याला स्मार्ट बोर्ड म्हणते, कोणी डिजिटल फळा. पहिली-दुसरीच्या वर्गात त्याचा उपयोग बहुतेक वेळा बालगीते आणि गणिताचे तयार व्हिडिओ दाखवण्यासाठी होताना दिसतो. मात्र व्हिडिओसाठी साधा टीव्हीसुद्धा पुरतो. स्पर्शाने चालणाऱ्या फळ्याचे वेगळेपण असे, की त्यावरील वस्तू मूल स्वतःच्या बोटाने हलवू शकते, दहा सुट्या वस्तूंचा एक दशक बांधू शकते, तो पुन्हा सोडू शकते आणि हे सर्व घडत असताना संपूर्ण वर्गाला एकाच वेळी दिसते. लहान मुलांच्या गणितात सर्वांत अवघड वळण हेच असते: दहा एकक आणि एक दशक ही एकच राशी आहे, हे मनापासून पटणे. त्यामुळे या फळ्याचा पहिला आणि मुख्य उपयोग याच ठिकाणी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या लेखातील बरीचशी जागा त्यालाच दिली आहे.

वस्तू, फळा आणि पाटी यांचा क्रम

तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन-लेखन आणि संख्याज्ञान यावे, हे उद्दिष्ट ठेवून ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. त्यात गणितासाठी अनुभव, भाषा, चित्र आणि चिन्ह असा क्रम सुचवला जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात कृती, प्रतिमा आणि प्रतीक अशी जी मांडणी केली, तिच्याशी हा क्रम बराच जुळतो. स्मार्ट बोर्डाची जागा या क्रमात तिसरी, म्हणजे चित्राची आहे. फळ्यावरची काडी ही काडीचे चित्र असते. ते हलते, एवढ्याने ती खरी काडी होत नाही. ज्या मुलाने खऱ्या दहा काड्या मोजून त्यांना रबर लावलेला नाही, त्याला पडद्यावर दहा ठिपके एकत्र येऊन त्यांचा दांडा झालेला दिसला, तरी ती एक जादूच वाटते आणि तो मान डोलावून पुढे जातो.

म्हणून कोणताही नवा संबोध फळ्यावर सुरू करू नये. पहिले दोन-तीन दिवस काड्या, चिंचोके, खडे किंवा शाळेतील गणित पेटीतले दशक-दांडे मुलांच्या हातात असावेत, आणि मुलांनी ते करता करता बोलावे: ‘माझ्याकडे तीन गठ्ठे आणि चार सुट्या आहेत.’ ही भाषा तोंडात बसल्यावर तेच साहित्य, शक्यतो त्याच रंगांचे, फळ्यावर आणावे. फळ्यानंतर पाटी किंवा वही. पाटीवर अडणाऱ्या मुलाला पुन्हा काड्यांकडे न्यावे. त्याच्यासाठी फळ्यावरचे तेच पान दुसऱ्यांदा चालवून फारसा उपयोग होत नाही.

फळा कुठे आणि किती उंचीवर

फळा बसवतानाचे निर्णय पुढे वर्षानुवर्षे त्रास देतात, त्यामुळे बसवणारा तंत्रज्ञ आला असता वर्गशिक्षकाने तिथे उभे राहणे आवश्यक आहे. पॅनेल नेहमी मोठ्या माणसांच्या डोळ्यांना सोयीचे वाटेल एवढ्या उंचीवर लावले जाते आणि मग पहिलीतल्या मुलाला स्टुलावर चढावे लागते. ६५ इंची पॅनेलची उंची सुमारे ८० सेंटिमीटर असते. त्याची खालची कड जमिनीपासून दोन ते अडीच फुटांवर ठेवली, तर सहा वर्षांच्या मुलाचा हात बहुतेक पडद्यावर पोहोचतो. फळा आधीच उंच बसलेला असेल, तर हलवायच्या सर्व वस्तू पानाच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवाव्यात आणि वरचा भाग शिक्षकाच्या लेखनासाठी राखावा. स्टूल किंवा बाक वापरू नये. घाईने चढणारे मूल पडते.

दुसरी गोष्ट जुन्या फळ्याची. अनेक वर्गांत पॅनेल खडूच्या फळ्याच्या मधोमध ठोकलेले असते आणि लिहायला दोन्ही बाजूंना हातभर पट्ट्या उरतात. पॅनेल एका बाजूला घ्यावे आणि खडूचा फळा पूर्ण वापरता येईल असा ठेवावा. पावसाळ्यात वीज गेली की तास थांबू नये, हे एक कारण. शिवाय एक पान पुढे गेले की आधीचे पान डोळ्यांआड होते, पण खडूने लिहिलेले गणित तासभर समोर राहते, हे त्याहून मोठे कारण.

आजकालची बरीच पॅनेल अवरक्त किरणांवर चालतात. चौकटीच्या कडांमधून पडद्यालगत किरणांचे जाळे पसरलेले असते आणि ते जिथे तुटते तिथे स्पर्श झाला, असे यंत्र समजते. त्यामुळे लांब बाही, ओढणी किंवा आधारासाठी टेकवलेला दुसरा हात हेसुद्धा ‘बोट’ ठरते आणि वस्तू भलतीकडे उडी मारते. मुलांना पहिल्याच दिवशी एका बोटाने, दुसरा हात पाठीमागे ठेवून सरकवण्याचा सराव द्यावा. चौकटीच्या कडेवर खडूची भुकटी साचली की स्पर्श चुकू लागतो, म्हणून रोज सकाळी मऊ कोरड्या कापडाने कड पुसावी. प्रोजेक्टरवर चालणारा जुना फळा असेल, तर प्रोजेक्टर किंचित हलला तरी पेनाची खूण आणि रेघ यांत अंतर पडते. अशा वेळी तास सुरू होण्यापूर्वी कॅलिब्रेशन, म्हणजे खूण आणि रेघ पुन्हा जुळवण्याचे काम, करून घ्यावे.

पान तयार करताना

महागडे सॉफ्टवेअर आवश्यक नाही. ओपनबोर्ड हे मोफत सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालते आणि त्यात पान झाकण्याचा पडदा, मोजपट्टी, वस्तूची प्रत काढणे, वस्तू जागेवर कुलूपबंद करणे अशा सोयी आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील अनेक सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, मराठीत उपलब्ध आहेत आणि ती उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतात. ज्या गावात मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी शाळेच्या गच्चीवर जावे लागते, तिथे ही सोय मोलाची आहे. तरीही दशक-सुट्यांचे पान शिक्षकाने स्वतः बनवावे, असा माझा आग्रह आहे, कारण तयार खेळांत दहा झाले की दांडा आपोआप बनतो आणि मुलाने करायचे काम यंत्र करून टाकते.

पान बनवताना पांढरी पार्श्वभूमी ठेवावी आणि फुले, फुलपाखरे, टाळ्यांचे आवाज यांना फाटा द्यावा. सुटे एका रंगाचे, दशक दुसऱ्या रंगाचे, आणि हे रंग वर्षभर तेच राहावेत. दशकाचा दांडा एकसंध पट्टी नसावा. त्यावर दहा कप्पे स्पष्ट दिसले पाहिजेत, म्हणजे शंका आलेले मूल जवळ येऊन मोजू शकते. दांड्याची लांबी दहा सुट्यांना एका ओळीत ठेवल्यावर होईल एवढीच असावी. चौकटी, शीर्षके आणि रेघा कुलूपबंद कराव्यात, नाहीतर मुलाच्या बोटाखाली संपूर्ण तक्ताच सरकतो. मराठी माध्यमाच्या वर्गात अंक देवनागरीतच ठेवावेत. पाठ्यपुस्तकात ५ आणि फळ्यावर दुसराच आकार, असा गोंधळ पहिलीतल्या मुलाला नको.

एक पाठ जवळून: ४२ − १७

दुसरीतील हातच्याची वजाबाकी घेऊ. या गणितात मुलांकडून सर्वाधिक येणारे चुकीचे उत्तर ३५ असते. ‘दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले, पाच राहिले, चारातून एक गेला, तीन राहिले.’ मूल इथे निष्काळजी नसते. लहान संख्येतून मोठी जात नाही, हे त्याला पक्के सांगितलेले असते आणि त्याने त्यावर स्वतःपुरता मार्ग काढलेला असतो. त्याच्यासमोर नियम पुन्हा म्हणून दाखवण्यापेक्षा ४२ म्हणजे प्रत्यक्ष काय आहे, ते उलगडून दाखवले पाहिजे.

पानाचे उभे दोन भाग करावेत. डावीकडे ‘दशक’ आणि ‘सुटे’ असे दोन कप्पे, उजवीकडे कोरी जागा. डाव्या भागात चार दांडे आणि दोन सुटे ठेवावेत. गणित चिन्हांत लगेच लिहू नये. ते गोष्टीतून सांगावे: रमाकडे ४२ बोरे आहेत, त्यांतील १७ तिने भावाला दिली. प्रथम सर्व मुलांनी पाटीवर अंदाज लिहावा, वीसपेक्षा जास्त उरतील की कमी, आणि पाट्या वर धराव्यात. मग एका मुलाला फळ्याजवळ बोलवावे आणि ‘सतरा दे’ एवढेच सांगावे.

मूल बहुधा आधी एक दांडा बाजूला काढते. काढू द्यावे. उभ्या मांडणीत आपण एककापासून सुरुवात करतो म्हणून त्याला थांबवण्याचे कारण नाही. आता तीन दांडे आणि दोन सुटे उरले, आणि अजून सात द्यायचे आहेत. ते मूल दोन सुटे सरकवते आणि थांबते. हा थांबण्याचा क्षण पाठाचा गाभा आहे. शिक्षकाने इथे घाई करू नये. वर्गाला विचारावे, ‘आता हिने काय करावे?’ ज्या वर्गाने आधी काड्यांचे गठ्ठे सोडले आहेत, त्यात कोणीतरी ‘एक गठ्ठा सोड’ असे म्हणतेच. दोन सुटे परत जागेवर आणावेत, मग एक दांडा सुट्यांच्या कप्प्यात ओढावा, तो पुसावा आणि त्याच जागी दहा सुटे मांडावेत. हे काम मुलाने एकेक सुटा मोजत करावे आणि वर्गाने त्याच्याबरोबर मोठ्याने मोजावे. आता दोन दांडे आणि बारा सुटे झाले. सात सुटे दिले, पाच राहिले. उत्तर पंचवीस.

यानंतर उजवी बाजू. तीच गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून करावी, पण या वेळी एककापासून, आणि डावीकडच्या प्रत्येक हालचालीनंतर उजवीकडे एकच खूण करावी. डावीकडे एक दांडा सुट्यांच्या कप्प्यात गेला, की उजवीकडे ४ खोडून वर ३ लिहायचे. त्या दांड्याचे दहा सुटे झाले, की २ च्या जागी १२ लिहायचे. डावीकडून सात सुटे गेले, की खाली ५. हालचाल आणि खूण यांच्या मध्ये दुसरे बोलणे येऊ देऊ नये. खोडलेला ४ म्हणजे नेमके काय झाले, हे मुलाच्या डोळ्यांसमोर घडलेले असते, आणि खडूच्या फळ्यावर हे इतक्या सहज दाखवता येत नाही, कारण तिथे काढलेले दांडे सरकत नाहीत.

शेवटी ३५ हे उत्तर शिक्षकाने स्वतः मांडावे: ‘एका मुलाने ३५ उत्तर काढले. ती ३५ बोरे आणि दिलेली १७ बोरे परत एकत्र करून बघू या.’ तीन दांडे पाच सुटे आणि एक दांडा सात सुटे एकत्र आणले, दहा सुट्यांचा दांडा केला, की पाच दांडे आणि दोन सुटे होतात, म्हणजे ५२. रमाकडे तर ४२ च होती. वर्गातील ज्या मुलांचे उत्तर ३५ आले असेल, त्यांची नावे न घेता त्यांना आपली चूक कुठे झाली हे कळते. याच कारणासाठी, मुलाने फळ्यावर चूक केली की लगेच ‘मागे घ्या’चे बटण दाबू नये. चुकीचे पान जपून ठेवावे, त्याची प्रत काढावी आणि दुरुस्ती प्रतीवर करावी, म्हणजे दोन्ही पाने शेजारी ठेवून बोलता येते.

बेरजेत हीच प्रक्रिया उलट दिशेने जाते. २८ आणि १५ मध्ये तेरा सुटे झाले, त्यांतील दहांचा दांडा बांधून दशकांच्या कप्प्यात नेला, की डोक्यावर लिहिलेला ‘हातचा १’ म्हणजे तो दांडा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सदतीस लिहिताना त्र्याहत्तर

मराठीत शिकणाऱ्या मुलांची आणखी एक अडचण तेवढीच खरी आहे. सदतीस म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि लिहिताना तीन आधी येतो, त्यामुळे मुले ३७ ऐवजी ७३ लिहितात. एकोणचाळीसमध्ये तर चाळीस ऐकू येतात आणि लिहिलेला अंक ३९ असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा त्यावर राज्यभर वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी वर्गातल्या मुलाची अडचण उरतेच आणि फळ्यावर तिच्यासाठी बरेच करता येते.

१० ते ९० पर्यंतच्या दशकांची रुंद कार्डे आणि १ ते ९ ची अर्ध्या रुंदीची कार्डे बनवावीत. ‘सदतीस’ ऐकल्यावर मुलाने प्रथम बोलावे, ‘तीस आणि सात’, मग ३० चे कार्ड मध्ये आणावे आणि ७ चे कार्ड सरकवत नेऊन त्यातील शून्यावर बसवावे. शून्य झाकले जाते, ३७ दिसते. ७ चे कार्ड पुन्हा उचलले की खाली ३० तसेच असते. कोणता अंक आधी ऐकू आला, याला येथे महत्त्व राहत नाही, कारण ३० चे कार्ड दुसरीकडे बसूच शकत नाही.

एकोणतीस, एकोणचाळीस यांच्यासाठी मात्र गणितमाळ बरी. दहा-दहा मण्यांचे रंग आलटून पालटून असलेली शंभर मण्यांची माळ फळ्यावर काढावी, मुलाने चाळिसाव्या मण्यावर बोट ठेवावे आणि एक मणी मागे यावे. एकोणऐंशी, एकोणनव्वद असे सर्व करून झाल्यावर ९९ वर थांबावे. तिथे ‘एकोणशंभर’ म्हणणारे मूल शहाणे आहे. त्याचे कौतुक करून नव्व्याण्णव सांगावे.

फिरवता येणाऱ्या गोष्टी

भूमितीत फळ्याचा सर्वांत चांगला उपयोग आकार फिरवण्याचा आहे. पुस्तकातला चौरस नेहमी एका बाजूवर बसलेला असतो, त्यामुळे तोच चौरस कोपऱ्यावर उभा केला, की मुले ‘हा चौरस नाही, ही शंकरपाळी आहे’ असे म्हणतात. फळ्यावर चौरस पकडून हळूहळू फिरवावा आणि दर थोड्या वेळाने थांबून विचारावे, ‘अजून चौरस आहे का?’ मुलांची मते बदलतात, कोणी बाजू मोजायला पुढे येते. त्रिकोणही टोक खाली करून दाखवावा. तीन ओळींत चार-चार ठिपके मांडून तो संच एक चतुर्थांश फिरवला, की चार ओळींत तीन-तीन ठिपके होतात आणि ३ × ४ व ४ × ३ यांचे उत्तर एकच का, ते पाढे पाठ होण्याआधीच दिसते.

घड्याळासाठी असे साधन निवडावे, ज्यात मिनिटकाटा फिरवल्यावर तासकाटाही आपोआप थोडा सरकतो. काटे स्वतंत्रपणे फिरणाऱ्या चित्रात साडेतीन वाजता तासकाटा तीनवरच राहतो आणि चुकीची प्रतिमा मनात बसते. नाणी आणि नोटांसाठी फळा वापरू नये, खऱ्या नाण्यांनी वर्गात दुकान मांडावे.

एक मूल फळ्याशी, बाकीची काय करतात?

हा प्रश्न प्रत्येक पाठाआधी स्वतःला विचारावा. लंडनमधील शाळांत मोठ्या प्रमाणावर असे फळे बसवल्यानंतर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात असे आढळले, की एकेका मुलाला फळ्याजवळ बोलावण्याच्या पद्धतीने काही वेळा सगळ्या वर्गाचा वेग मंदावतो. त्या शाळा माध्यमिक होत्या आणि देश वेगळा होता, पण तीस मुलांच्या वर्गात एक मूल दांडे सरकवत असताना एकोणतीस जण नुसते बघत बसतात, हे आपल्याकडेही होते. त्यावर उपाय म्हणून फळ्यावर घडणारी प्रत्येक कृती जोडीने बसलेल्या मुलांनी काड्यांनी करावी, किंवा पुढे काय होईल ते पाटीवर आधी लिहावे. फळ्याशी एक मूल एका वेळी एकच कृती करेल, संपूर्ण गणित नाही. सूचना वर्गाने द्यायच्या आणि फळ्याशी उभ्या असलेल्याने त्या पाळायच्या, हा प्रकार फार चांगला चालतो, कारण सूचना द्यायला नेमकी भाषा लागते. नेहमी हात वर करणारी तीच ती मुले पुढे येऊ नयेत म्हणून नावांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवाव्यात.

द्विशिक्षकी शाळेत पहिली आणि दुसरी एकत्र बसतात. तिथे फळ्याचे काम एका वेळी एकाच इयत्तेबरोबर पंधरा मिनिटे करावे आणि त्या वेळी दुसऱ्या इयत्तेला पाठ फिरवून बसवून हातातले साहित्य द्यावे. हलणारा पडदा समोर असताना मुले पाटीकडे बघत नाहीत. कोणत्याही दिवशी एका इयत्तेसाठी वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ फळा चालू ठेवू नये.

प्रत्येक पान तारीख आणि घटकाच्या नावाने साठवावे, आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ आदल्या दिवशीच्या पानापासून, शक्यतो त्यातील अर्धवट राहिलेल्या किंवा चुकलेल्या गणितापासून सुरू करावा. पेन ड्राइव्हवर प्रत असावी. आठवड्याच्या शेवटी फळा बंद ठेवून पाच-सहा मुलांना एकेकाला जवळ बसवावे, समोर काड्या, रबर आणि कोरा कागद ठेवावा, आणि ५३ − २६ करायला सांगून त्यांना करता करता बोलू द्यावे. जे मूल न सांगता एक गठ्ठा सोडते आणि त्यानंतरच कागदावर ५ खोडते, त्याला पुढचा घटक द्यावा; जे मूल कागदावर बरोबर उत्तर लिहिते पण ‘हा वरचा ४ कुठून आला’ याला उत्तर देऊ शकत नाही, त्याच्याबरोबर सोमवारी पुन्हा काड्यांपासून सुरुवात करावी.